खांबाजवळचा निर्णय

“‘अष्टपैलू’ काढ,” सर म्हणाले. “मी कुठला अष्टपैलू? जन्मभर एकच काम केलं. शिट्टी वाजवली.”

मी शब्द खोडला. त्याआधी ‘थोर’ खोडून झाला होता आणि ‘ऋषितुल्य’ वाचायला लागल्यावर तर त्यांनी हात वर करून मला थांबवलंच होतं. शुक्रवारची संध्याकाळ होती. रविवारी उपासना झाल्यावर चर्चमध्येच त्यांचा सत्कार व्हायचा होता आणि मानपत्राचं काम पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. एक तर मी शाळेत खेळाची शिक्षिका, शिवाय आमच्या मंडळीत शुद्धलेखन बरं असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

रत्नाकर चक्रनारायण सर चौतीस वर्षं खो-खोचे पंच होते. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, त्यांना त्यासाठी राज्य पातळीवरचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, त्यात शे-दीडशे घरांची ख्रिस्ती वस्ती, आणि तिथल्या माणसाचा फोटो पेपरात! पंधरा दिवस लोकांना दुसरा विषय नव्हता. मी तर सरांना लहानपणापासून मानत आले होते. सामन्याला जाताना ते घरून थर्मासमध्ये चहा न्यायचे, कारण कुठल्याही संघाचा चहा प्यायचा नाही असा त्यांचा नियम. मंडळीच्या कमिटीवरही तीच तऱ्हा. सख्खा मेहुणा नाताळच्या उपासनेला पिऊन आला तेव्हा त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“पुढचं वाच, सरोजिनी.”

पुढचा परिच्छेद मी मुद्दाम शेवटी लिहिला होता. तो लिहिताना दोन कागद फाडले होते.

“‘मैदानावर त्यांनी नातं ओळखलं नाही,’” मी वाचलं. “‘एकोणऐंशी सालच्या निवड सामन्यात, अखेरच्या मिनिटाला, त्यांनी पोटच्या मुलीला बाद दिलं. ती म्हणाली, पप्पा, हात लागला नाही. ते म्हणाले, मैदानावर मी कुणाचा पप्पा नाही. बाहेर हो.’”

मी थांबले. हा परिच्छेद ते काढायला सांगतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी काढायला सांगावा म्हणून मी वाट बघत होते. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले.

ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. पाळकसाहेबांनी ती निदान तीन प्रवचनांत वापरली होती. त्या दिवशी मुलींचे दोन संघ पाडले होते, सरांची मुलगी एस्तेर एका संघात, मी दुसऱ्या. आमच्या गावची एकच मुलगी राज्याच्या संघात घेणार हे आधीच कळलेलं. एस्तेर बाद झाली, तिचा संघ एका गुणानं हरला आणि निवड माझी झाली. तिला बाद करणारी मीच होते. त्या एका प्रमाणपत्रावर मला पुढे शाळेत नोकरी लागली. एस्तेरनं मात्र त्या दिवसानंतर मैदानात पाय ठेवला नाही. सहा महिन्यांत लग्न करून ती पैठणला गेली. मधल्या एकोणीस वर्षांत ती एकदाच आली, आईच्या मातीला, आणि कबरस्तानातूनच एसटी स्टँडवर निघून गेली. बापाच्या घराची पायरी चढली नाही.

मी कागद गोळा करत होते. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाळकसाहेब म्हणत होते, शाल एस्तेरच्या हातून द्यावी. येईल का गं ती?”

सरांना कुणाकडे काही मागताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

“मी जाऊन येते उद्या,” मी म्हणाले.

*

पैठणला पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत एस्तेरचं घर होतं. दारातच शिलाई मशीन होतं आणि ती शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. केस अर्धे पांढरे झाले होते. मला बघून तिनं सुई शर्टात टोचून ठेवली, पाणी आणून दिलं आणि परत मशीनवर बसली.

“सत्काराला बोलवायला आलीस ना?”

“हो.”

“पाळकसाहेबांनी पाठवलं का पप्पांनी?”

“सरांनी विचारलं, येईल का म्हणून.”

तिचा पाय मशीनवरून खाली आला. मग तिनं सरळ माझ्याकडे बघून विचारलं.

“सरू, त्या दिवशी तुझा हात लागला होता का?”

एकोणीस वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण? हात लागला की नाही हे खो-खोत दोघींनाच पक्कं ठाऊक असतं, लावणारीला आणि पळणारीला. बाकी सगळे बघे. मी खांब धरून पुढे झेप घेतली होती, एस्तेर खांबाला वळसा घालून निघाली होती आणि माझी बोटं तिच्या पाठीमागून नुसत्या हवेतून गेली होती. मग शिट्टी वाजली. आणि गडी बाद केल्यावर आम्ही मुली हात वर करायचो तसा मी हात वर केला.

“नाही लागला,” मी म्हणाले.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

ती रडेल, शिव्या देईल, निदान पाण्याचं भांडं उचलून आत जाईल असं मला वाटलं. तिनं शर्टाचा धागा दातानं तोडला, बस्.

“एस्तू, माझी नोकरी...”

“नोकरीचं सोड. तू नसतीस तर दुसरी कुणी गेली असती. खेळाचं पण सोड. अगं, पप्पांना दिसलं नसेल. धूळ काय कमी होती? चुकले असतील, माणूस आहे. ते मी त्याच दिवशी मनातून काढून टाकलं होतं.” तिचा आवाज आता जरा चढला. “पण रात्री जेवताना मी परत सांगितलं, पप्पा, खरंच नाही लागला. तर आईसमोर, दोन्ही भावांसमोर म्हणाले, हरल्यावर खोटं बोलू नये. मी खोटारडी! तू सांग सरू, मी तुझ्याशी तरी कधी खोटं बोलले का?”

“नाही.”

“मग उद्या तू ते मंडळीसमोर सांग. साक्ष द्यायला उभं राहतातच ना सगळे? तू उभी राहा आणि म्हण, एस्तेर खोटं बोलली नव्हती. पप्पांच्या कानावर एवढं पडू दे. मग मी शाल पण देईन आणि घरी पण येईन. आई गेल्यापासून स्वयंपाकघर कसं ठेवलंय कुणास ठाऊक त्यांनी.”

शेवटचं वाक्य म्हणताना तिचे डोळे भरून आले. घरी यायला ती किती आसुसलेली होती हे तेव्हा मला कळलं. मी तिला शब्द दिला.

परतीच्या एसटीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लोक मला काय म्हणतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती सरांची होती. त्यांच्या सत्काराच्या दिवशी, त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या निर्णयाला मी भर चर्चमध्ये खोटं ठरवणार होते. त्यांना आधी न सांगता हे करणं मला बरं दिसेना.

*

रविवारी सकाळी साडेसातला मी त्यांच्या घरी गेले. सर ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. पुरस्काराबरोबर मिळालेला निळा ब्लेझर दोरीवर हँगरला लावलेला होता.

“सलाम, सर.”

“सलाम. येतेय का ती?”

“येतेय. सकाळच्या गाडीनं.”

त्यांचा ब्रश थांबला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. प्रार्थना करत असावेत. उपासनेला आता तीनच तास होते.

“सर, त्या दिवशी माझा हात लागला नव्हता. मी खोटा हात वर केला. आज साक्षीच्या वेळी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. एस्तूला मी तसा शब्द दिलाय.”

सरांनी बूट उलटा केला, टाचेवरून ब्रश फिरवला.

“चार बोटं अंतर होतं,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“तुझा हात आणि तिची पाठ, मध्ये चार बोटं. मी खांबाजवळच उभा होतो, सरोजिनी. मला नाही दिसणार?”

“मग शिट्टी?”

“सकाळपासून मागे लोक बोलत होते. बाप पंच आहे, पोरीला काय धाड भरलीय? एकदा तिचा पाय रेषेबाहेर गेला असा गलका झाला. पाय आत होता, मी बाद दिलं नाही. मग तर टाळ्या वाजवून ओरडायला लागले, घरचा पंच, घरचा पंच. शेवटचं मिनिट होतं. तू झेप घेतलीस. तिला बाद दिलं नाही तर हे लोक जन्मभर काय म्हणतील एवढंच डोक्यात आलं.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “तू हात वर केलास तो नंतर. शिट्टी आधी वाजली. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. एकोणीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते की शिट्टी आणि हात एकदमच झालं.

“आणि घरी तिला खोटारडी म्हणालात?” माझा आवाज मलाच परका वाटला. “माहीत असून?”

“म्हणालो.” त्यांनी मान खाली घातली. “नाही तर काय म्हणणार होतो? दोनदा पैठणला गेलो तिला सांगायला. दोन्ही वेळा स्टँडवरून मागे फिरलो.”

“आज सांगा, सर. ती स्वतः येतेय.”

“आज?” ते दोरीवरच्या ब्लेझरकडे बघत राहिले. “एक निर्णय असा दिला म्हटल्यावर बाकीच्या सगळ्या निर्णयांचं काय गं? चौतीस वर्षं. हजार मुलं-मुली माझ्या शब्दावर मान खाली घालून मैदानाबाहेर गेलीत.”

मी चपला घातल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी हाक मारली.

“सरोजिनी. तुला जे सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही. पण तिला परत जाऊ देऊ नको.”

*

चर्च गच्च भरलं होतं. एस्तेर बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसली होती. अबोली साडी, घामेजलेला रुमाल हातात घट्ट धरलेला. सर समोर खुर्चीवर. मी मानपत्र वाचलं, तो परिच्छेदही वाचला. पाळकसाहेब म्हणाले, “देवानं या भावाच्या द्वारे आपल्याला न्याय म्हणजे काय ते दाखवलं. कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी.”

चार-पाच जण उठले. थर्मासची गोष्ट झाली, मेहुण्याची झाली. मग मी उभी राहिले.

उठताना माझं मन ठरलेलं नव्हतं. सगळं खरं सांगितलं तर एस्तेरला कळणार होतं की बापाची चूक झालीच नव्हती, त्यानं जाणूनबुजून तिचा बळी दिला आणि वर तिलाच खोटं पाडलं. मग ती दुपारच्या गाडीनं गेली असती आणि पुन्हा आली नसती. मी तिच्याकडे बघितलं. ती मला डोळ्यांनी धीर देत होती. मला!

“एकोणऐंशी सालच्या त्या सामन्यात,” मी म्हणाले, “एस्तेर खोटं बोलली नव्हती. माझा हात तिला लागला नव्हता.”

पुरुषांच्या बाकांवरची डोकी माझ्याकडे वळली.

“मी खोटा हात वर केला. धुळीत सरांना नीट दिसलं नाही. त्यांनी माझ्या हातावर विश्वास ठेवला आणि शिट्टी वाजवली. ते पाप माझं आहे. सरांचं नाही आणि एस्तेरचंही नाही. मी देवाची आणि मंडळीची क्षमा मागते.”

मी बसले नाही. सरांकडे बघत उभी राहिले. आता ते उठतील, आता म्हणतील, नाही, शिट्टी आधी वाजली, असं मला आतून अगदी खात्रीनं वाटत होतं. त्या माणसावर माझा तेवढा विश्वास होता. आणि सर खरंच उठले. खुर्चीच्या पाठीला धरून, हळूहळू.

“पंच हासुद्धा माणूस आहे,” ते म्हणाले. “मला दिसलं नाही. एस्तेर, बाळ, मला दिसलं नाही. मला माफ कर.”

बायकांच्या बाकांवर हुंदके सुरू झाले. एवढा मोठा माणूस, भर सभेत मुलीची माफी मागतो! एस्तेर धावत गेली, खाली बसून तिनं त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. मग तिनं त्यांच्या खांद्यांवर शाल घातली आणि इतक्या टाळ्या वाजल्या की वरची कबुतरं उडाली. त्या गलक्यात सरांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

अंगणात चहा होता. मी जिथं उभी राहिले तिथली माणसं बोलत बोलत बाजूला सरकली. चर्चची झाडलोट करणाऱ्या द्रौपदाबाईंनी मला कप आणून दिला आणि हळूच म्हणाल्या, “बाई, इतक्या वर्सांनी कशाला काढायचं व्हतं? आपल्या हातानं तोंडाला काळं फासून घेतलं.” मी हसले. चहा गार झाला होता, तरी प्यायला.

सर नंतर सात वर्षांनी गेले. एस्तेर गेल्या जूनमध्ये गेली. ती होती तोवर मी हे कुणालाही सांगितलं नाही.

*

सत्कारानंतर तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, एस्तेर माझ्या घरी आली. ती माहेरीच राहिली होती. चेहरा भरला होता, आईची जुनी पाटल्यांची जोडी हातात होती. तिच्याकडे मंडळीचं लांब पाकीट होतं.

“पप्पा म्हणाले, तूच नेऊन दे,” ती म्हणाली.

मी पाकीट फोडलं. कमिटीचा ठराव होता. सरोजिनी ओहोळ यांनी खोटेपणा केल्याचं स्वतः कबूल केल्यामुळे त्यांना सहा महिने प्रभुभोजनाच्या पवित्र विधीपासून दूर ठेवावं, संडे स्कूलचं काम त्यांच्याकडून काढून घ्यावं, आणि हे पत्र उपासनेत वाचून दाखवावं. संडे स्कूल मी अकरा वर्षं चालवत होते. खाली पाच सह्या. पहिली सरांची, ठळक आणि सरळ ओळीत.

“ठराव पण त्यांनीच मांडला,” एस्तेर म्हणाली. “पाळकसाहेब नको नको म्हणत होते. मी पण म्हटलं, पप्पा, तिनं आपणहून कबूल केलंय, तिच्यामुळे मी घरी आले, एवढं कशाला? तर म्हणाले, सरोजिनी आपल्या घरातल्यासारखी आहे म्हणून तिला सोडलं तर लोक काय म्हणतील?”

मी पत्राची घडी घातली.

“रागावू नको गं सरू. त्यांचा स्वभावच तसा.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. “माझ्या वेळी तरी कुठं बघितलं त्यांनी? चुकले असतील, पण कुणाची बाजू म्हणून घेतली नाही जन्मात.”

एक वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ओट्यावर सरांनी मला सांगितलेलं, चारच शब्दांचं. मी एस्तेरच्या पाटल्यांकडे बघितलं.

“आता किती दिवस आहेस?” मी विचारलं.

“नाताळपर्यंत तरी आहे. पप्पांना माझ्या हातची आमटी लागते,” ती म्हणाली, आणि पिशवीतून मंडळीची वही काढून माझ्यापुढे धरली. “इथं सही कर. पत्र मिळालं म्हणून. पप्पा विचारतील.”

मी सही केली.